बाईंच्या जागेवर

आमच्या शाळेत लॅक्रॉस हा खेळ मी सुरू केला, असं नव्या पालकांना वाटतं. एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, कुणीतरी तसं बोलतं आणि मी दर वेळी सांगते, की नाही, माझ्या आधी इथे एक बाई होत्या. "हो का," म्हणून लोक मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. मी मात्र उरलेली सभा बाईंचाच विचार करत बसते.

मी पुण्याची. कॉलेजात हॉकी खेळले, मग बी.पी.एड. करून एका मुलींच्या शाळेत पीटी शिकवायला लागले. दोन हजार अकराच्या सुमाराला नवऱ्याला स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं आणि मी शाळा सोडून त्याच्याबरोबर गेले. तिथे माझ्या पदवीला कुणी विचारत नव्हतं आणि मला जर्मन येत नव्हतं. सकाळी नवरा एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, ऑफिसला जायचा आणि मी विद्यापीठात भाषेच्या वर्गाला.

एकदा वर्गातून परत येताना मैदानाच्या कडेने चालले होते. मैदानात मुली टोकाला जाळी लावलेल्या काठ्या घेऊन पळत होत्या. एक पिवळा, टणक रबरी चेंडू जोरात घरंगळत माझ्याकडे आला. हातात मिटलेली छत्री होती. ती मी हॉकी स्टिकसारखी आडवी धरली, चेंडू अडवला आणि परत ढकलून दिला. पलीकडून एक पिकल्या, आखूड केसांच्या बाई चालत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, आणि स्वतःची स्टिक माझ्या हातात दिली.

त्या बाई जवळच्या एका गिम्नाझियममध्ये, म्हणजे पाचवीपासून पुढच्या शाळेत, खेळाच्या शिक्षिका होत्या. तरुणपणी एक वर्ष अमेरिकेत शिकायला गेल्या होत्या आणि येताना दोन लॅक्रॉस स्टिक घेऊन आल्या होत्या. त्या दोन काठ्यांवर त्यांनी सगळं उभं केलं होतं. शाळा सुटल्यावर मुलींचा लॅक्रॉसचा वर्ग घ्यायच्या, इथे अशा वर्गाला आ-गे म्हणतात, आणि संध्याकाळी विद्यापीठाच्या मुलींचा संघ बघायच्या. एखाद्या शाळेतल्या मुलीने बारावीनंतर विद्यापीठात यावं आणि तिथेही समोर बाईच उभ्या असाव्यात, असं बऱ्याच जणींच्या बाबतीत झालं होतं.

मी त्यांच्या सरावाला जायला लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, की मला 'झी' म्हणू नकोस, 'डू' म्हण. झी म्हणजे तुम्ही, डू म्हणजे तू. माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईला अरे-तुरे करणं मला जमेना. शेवटी मी एक तडजोड केली. तोंडाने डू म्हणायचे आणि मनातल्या मनात बाई. आपल्याकडे शाळेत म्हणतो तसं. आजही त्यांचं बोलणं आठवतं तेव्हा ते मला मराठीतच ऐकू येतं, आणि त्यात मी त्यांना तुम्हीच म्हणत असते.

लॅक्रॉसमध्ये पळताना चेंडू जाळीतून पडू नये म्हणून स्टिक सतत हलवत ठेवावी लागते. मनगट सैल, खांदे स्थिर. हॉकीच्या सवयीने माझं मनगट ताठ व्हायचं आणि चेंडू उडून जायचा. बाईंनी त्यावर एक उपाय काढला. स्टुटगार्टात डोंगरउतारावर लांबच लांब दगडी पायऱ्या आहेत. बाई मला तिथे घेऊन जायच्या आणि म्हणायच्या, "चेंडू जाळीत घे आणि वर जा. पडला तर खाली येऊन परत सुरुवात." बाजारातून येणारी म्हातारी माणसं बाजूला होऊन उभी राहायची. चेंडू टप्पे खात खाली गेला की मी त्याच्यामागे धावायचे. बाई खाली उभ्या असायच्या. हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत. नुसतं बोटाने वर दाखवायच्या.

जर्मनही मी वर्गापेक्षा त्यांच्याकडूनच शिकले. त्यामुळे ते मैदानातलं जर्मन झालं. डावीकडे, मागे बघ, सोड तिला, आत्ता फेक, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण पोस्टात पार्सल करायला गेले की ततपप व्हायचं. बाईंनी मला प्रशिक्षक आणि पंच अशा दोन्ही परवान्यांच्या परीक्षेला बसवलं. विषय त्या शिकवायच्या आणि वाक्यं मी पाठ करायचे. पास झाले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "आता तू माझी मदतनीस. मुली तुझ्याकडे तक्रार घेऊन येतील, माझ्याकडे यायला घाबरतात."

ते खरं होतं. बाईंचा सराव शिस्तीचा असायचा. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे पळा. मुली त्यांना मानायच्या, पण त्यांच्याशी बोलायच्या नाहीत.

दोनेक वर्षं असं छान चाललं. मग बाईंचं खुब्याचं दुखणं वाढलं आणि ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी त्यांनी सरावानंतर मला शिट्टी दिली आणि म्हणाल्या, "ईस्टरपर्यंत मुलींना सांभाळ. फार काही नवीन करू नकोस. आहे तसं चालू ठेव."

"तुम्ही काळजी करू नका," मी म्हणाले. "तुम्ही याल तेव्हा सगळं जसंच्या तसं असेल."

हे मी मनापासून म्हणाले होते. पण ऑपरेशननंतर जखमेत संसर्ग झाला, परत ऑपरेशन झालं, आणि ईस्टर आला आणि गेला. बाई कधी हॉस्पिटलात, कधी रेहामध्ये, म्हणजे जिथे परत चालायला शिकवतात तिथे. वर्षभर असंच गेलं.

त्या वर्षात शाळेचा वर्ग आणि विद्यापीठाचा संघ दोन्ही माझ्याकडे होते. मी ठरवून काही बदललं नाही. सुरुवातीला शिट्टीही वाजवत होते. पण मला बाईंसारखं गप्प उभं राहता येत नाही. मी बोलते. मी चुकीच्या व्याकरणात भराभर सूचना द्यायचे, मुली मला मध्येच दुरुस्त करायच्या आणि आम्ही सगळ्या हसायचो. मग त्याही बोलायला लागल्या. कुणाला कोणत्या जागेवर खेळायचंय, कुणाला कशाची भीती वाटते, हे सांगायला लागल्या. एक उंच, लाजरी मुलगी होती. ती बचावात खेळायची, कारण बाईंनी तिची उंची बघून तिला तिथे उभं केलं होतं. ती एकदा म्हणाली, "मला पुढे खेळून बघायचंय." मी म्हटलं, बघ. उन्हाळ्यात आसपासच्या शाळांच्या आणि क्लबांच्या मुलींची स्पर्धा झाली तेव्हा तिच्या गोलांवर आम्ही जिंकलो. शाळा याआधी कधीच जिंकली नव्हती.

त्या संध्याकाळी मुलींनी मला खांद्यावर घेतलं. मी खूश होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वरून मैदान दिसत असताना मला पहिल्यांदा वाटलं, की मी कुणाच्या तरी ताटात जेवते आहे.

दुसऱ्या रविवारी मी रेहामध्ये गेले. बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, बारीक झाल्या होत्या. मी बेसनाचे लाडू नेले होते. त्यांनी एक खाल्ला आणि एकेका मुलीची चौकशी केली. कुणाचा घोटा कसा आहे, कुणाच्या आईवडिलांचं कसं चाललंय. मग म्हणाल्या, "आणि स्पर्धा?"

"जिंकलो," मी म्हणाले.

"कितीने?"

"थोडक्यात. नशीब होतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मला एका आईने फोटो पाठवले," त्या म्हणाल्या. "मागे गुणफलक दिसतो. थोडक्यात नव्हतं."

मी लाडवाच्या डब्याचं झाकण लावत राहिले.

"माझ्याशी खोटं बोलू नकोस," बाई म्हणाल्या. "तेवढं चांगलं तुझं जर्मन अजून नाही."

मी हसले, त्याही थोड्या हसल्या. पण मग त्यांनी त्या उंच मुलीबद्दल विचारलं. "तिला पुढे कुणी नेलं?" मी सांगितलं, की तिनेच मागितलं. बाईंनी लाडवाचा डबा बाजूला सारला. "मला तिने कधी मागितलं नाही," त्या म्हणाल्या.

परत येताना एस-बानमध्ये मला वाटत राहिलं, की मी काहीतरी चोरून नेते आहे. घरी नवऱ्याला हे सांगितलं. तो इंजिनिअर माणूस. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, पण तू नक्की काय चुकीचं केलंस ते सांग." मला सांगता आलं नाही. मी काही केलं असतं तर सोपं गेलं असतं. जाऊन कबूल केलं असतं.

बाई परत आल्या त्या शरद ऋतूत, काठी टेकत. मुलींनी फुलं आणली होती, एकीने केक केला होता. बाईंना आनंद झाला होता. त्या दाखवत नव्हत्या, पण मला कळत होतं. केक खाऊन झाला. बाई मैदानाच्या मध्ये गेल्या, मी परत दिलेली शिट्टी गळ्यात होती, ती त्यांनी एकदा वाजवली. मुली थांबल्या. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मुद्दाम नाही केलं त्यांनी. वर्षभराची सवय होती. क्षणभराचीच गोष्ट. लगेच त्यांनी बाईंकडे तोंडं वळवली. पण बाईंनी ते पाहिलं होतं आणि त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं होतं.

त्यानंतर मी लहान व्हायचा प्रयत्न सुरू केला. सरावाला उशिरा जायचे. मुलींनी काही विचारलं की "बाईंना विचारा" म्हणायचे. लांब जाऊन एकटीच चेंडू गोळा करत बसायचे. बाईंनी त्या उंच मुलीला परत बचावात उभं केलं तेव्हा मी गप्प बसले. मला वाटत होतं, मी मोठ्या मनाने वागते आहे.

एक दिवस ती उंच मुलगी माझ्याजवळ आली. तोपर्यंत ती संघाची कप्तान झाली होती. म्हणाली, "तुम्ही मुद्दाम वाईट शिकवताय."

"काय?"

"तुम्हाला सगळं दिसतं आणि तुम्ही बोलत नाही. तुमचं आणि त्यांचं जे काही असेल ते असू दे. पण आम्ही काय केलंय?"

सतरा वर्षांची मुलगी ती. तोपर्यंत मला फक्त बाईंचं वाईट वाटत होतं. आता मुलींचंही वाटायला लागलं. बाईंसाठी मागे सरकावं तर मुलींचं नुकसान, मुलींसाठी पुढे व्हावं तर बाईंचं. त्या हिवाळ्यात सराव शाळेच्या हॉलमध्ये असायचा आणि मी दारातच बुटाच्या नाड्या परत परत बांधत बसायचे.

मग मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. सभ्य माणूस. त्यांनी कॉफी मागवली आणि म्हणाले, की पुढच्या वर्षी बाई निवृत्त होतायत. एरवी निवृत्तीनंतरही त्यांनी वर्ग चालू ठेवला असता, पण तब्येत आणि मुलींचा कल पाहता शाळेला वाटतं, की वर्ग आत्ताच अधिकृतपणे माझ्याकडे यावा. शिवाय खेळाच्या तासांनाही मी असावं. माझ्या भारतातल्या पदवीचं काय ते शाळा बघेल.

इतकी वर्षं मी या देशात ज्याची वाट बघत होते तेच ते सांगत होते. मी विचारलं, "त्यांना माहीत आहे?"

मुख्याध्यापकांनी कपात चमचा फिरवला. "आम्हाला वाटलं, तुम्ही दोघी जवळच्या आहात. तुम्ही आधी थोडी कल्पना दिलीत तर बरं."

मी त्यांना नाही म्हणायला हवं होतं, की हे तुम्ही सांगा, ते माझं काम नाही. पण मला वाटलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. आता वाटतं, बहुधा माझ्याकडून कळणंच सगळ्यात वाईट होतं.

त्या गुरुवारी सराव संपल्यावर मी बाईंबरोबर बसच्या थांब्यापर्यंत गेले. मैदानापासून थांब्यापर्यंत चढ होता. बाई काठी टेकत हळूहळू चढत होत्या. बाई नेहमी घरी न्यायच्या ती चेंडूंची जाळी मी खांद्यावर घेतली होती. अर्ध्या वाटेवर त्या दम खायला थांबल्या आणि मी सांगून टाकलं. वाक्यं घरी तयार केली होती, ती सगळी विसरले. "शाळेने वर्ग मला द्यायचं ठरवलंय. आत्तापासून. मी अजून हो म्हटलेलं नाही," एवढंच बोलले.

बाई कठड्याला टेकल्या. खालच्या रस्त्याने गाड्या जात होत्या.

"मग हो म्हण," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला नको असेल तर मी नाही म्हणते. आजच जाऊन सांगते."

"आणि मग? मुलींना काय, दुसऱ्या कुणाकडे देणार? मूर्खासारखं बोलू नकोस. तू चांगली आहेस. मुलींना तू हवी आहेस. मला डोळे आहेत." मग त्यांनी काठी उचलली. "हो म्हण. पण मला त्याचा आनंद व्हावा अशी अपेक्षा करू नकोस. तेवढं माझ्याकडून मागू नकोस."

"मी मागत नाही," मी म्हणाले.

"मागतेस," बाई म्हणाल्या. "वर्षभर तेच मागते आहेस. तुझ्या तोंडावर दिसतं."

आम्ही थांब्यावर पोचलो आणि बस आली. त्यांनी माझ्या खांद्यावरची जाळी घेतली नाही. "ती शाळेची आहे," म्हणाल्या आणि चढल्या.

नंतर बाई सरावाला आल्या नाहीत. विद्यापीठाचा संघही त्यांनी त्याच आठवड्यात सोडला, आणि तोही अर्थात माझ्याकडे आला. शाळेने निरोपसमारंभ ठेवला तेव्हा त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं. मी फोन केले. त्या सभ्यपणे बोलायच्या, मुलींबद्दल एकही प्रश्न विचारायच्या नाहीत. मग मी फोन करणं कमी केलं आणि त्याचंही मला वाईट वाटत राहिलं.

माझं मात्र चांगलं चाललं. हे लिहितानाही संकोच वाटतो. ती उंच मुलगी परत पुढे खेळायला लागली, मग विद्यापीठात आली, माझ्याच संघात. आणखी दोन शाळांनी वर्ग सुरू करायला मला बोलावलं. नवऱ्याचा करार वाढला. पुण्याला फोन केला की आई म्हणायची, "बघ, तुझं नशीब तिकडे उघडलं." मी हो म्हणायचे. कोणाच्या जागेवर उघडलं, हे तिला फोनवर सांगत बसण्यात अर्थ नव्हता.

तीनेक वर्षांनी मी शाळेतल्या लहान मुलींना घेऊन डोंगराकडच्या एका गावात गेले. तिथल्या क्लबाने बारा वर्षांखालच्या मुलामुलींचे सामने ठेवले होते. गाडीतून उतरले आणि बाई दिसल्या. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत, डोक्यावर उन्हाची टोपी. समोर बारकी बारकी मुलं स्टिका घेऊन वेड्यासारखी पळत होती. तो क्लबाचा संघ बाईंचा होता, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी आले असते की नाही, सांगता येत नाही.

मी जवळ गेले. बाईंनी वर पाहिलं. "तू जाड झालीस," म्हणाल्या.

"थोडी."

"विद्यापीठाचा संघ जिंकून वरच्या गटात गेला म्हणे."

"हो."

"थोडक्यात?"

"नाही," मी म्हणाले. "चांगल्या फरकाने."

त्यांनी मान हलवली. मी गवतावर त्यांच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत मनात घोळवलेलं वाक्य बाहेर आलं, "मला माफ करा."

"कशाबद्दल?"

मी विचार केला. खरोखर विचार केला. "ते मला नीट सांगता येत नाही," मी म्हणाले.

"मग मी काय माफ करू?" बाई म्हणाल्या. रागाने नाही, जशा मनगट सैल सोड म्हणायच्या तशा. "मी आजारी पडले, तू बरी होतीस. त्यात माफ करण्यासारखं काही नाही. वाईट वाटण्यासारखं आहे. ते मला वाटलं. तुलाही वाटू दे."

तेवढ्यात क्लबाचा एक माणूस पळत आला. पुढच्या सामन्याचा पंच आला नव्हता. सामना बाईंच्या मुलांचा आणि शेजारच्या गावच्या मुलांचा होता. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्याकडे परवाना आहे," त्या म्हणाल्या.

मी मैदानात गेले. सामना लुटुपुटीचाच, पण मुलं जीव तोडून खेळत होती. शेवटी शेवटी बाईंच्या संघातल्या एका मुलाने समोरच्या मुलीच्या डोक्याजवळ स्टिक फिरवली. स्पष्ट फाउल होता. मी शिट्टी वाजवली, चेंडू दुसऱ्या संघाला दिला आणि त्यांनी गोल केला. कडेने बाईंचा आवाज आला. मी आंधळी आहे का, असं त्या विचारत होत्या. शेजारचे पालक दचकून त्यांच्याकडे बघायला लागले. मी हात वर करून निर्णय कायम ठेवला. बाईंचा संघ एका गोलाने हरला.

सामन्यानंतर त्या माझ्याशी त्या फाउलवरून बराच वेळ भांडल्या. मी पण भांडले. भांडता भांडता थर्मासमधली कॉफी त्यांनी झाकणात ओतली आणि माझ्यापुढे धरली.

आता आम्ही महिन्या-दोन महिन्यांतून भेटतो. मी तिकडे गावी जाते, कारण त्यांना प्रवास झेपत नाही. बोलणं मुलांबद्दल असतं. शाळेबद्दल त्या अजून विचारत नाहीत आणि मीही आपणहून सांगत नाही. मागच्या वसंतात शाळेच्या हॉलमध्ये जुन्या संघांचे फोटो लावायचे ठरले. त्यात सगळ्यात जुन्या फोटोत बाई मध्ये उभ्या आहेत, गळ्यात शिट्टी, चेहरा कडक. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, की उद्घाटनाला त्यांना बोलवा. या वेळी मी म्हटलं, तुम्ही बोलवा, मी नाही. त्यांनी बोलावलं. बाई आल्या नाहीत.

कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बाईंबद्दल बोलले. मुली नीट ऐकत होत्या, त्यातल्या एकीनेही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नंतर एका पालकाने जवळ येऊन हात मिळवला आणि इतक्या वर्षांत एवढं मोठं काम उभं केल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. मी त्यांना परत पहिल्यापासून सांगायला लागले.